जिममधील वजन घटवण्याची स्पर्धा: पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी तयारी कशी करावी

नवे वर्ष सुरू झाले की अनेक जिममध्ये आठ किंवा बारा आठवड्यांची वजन घटवण्याची स्पर्धा जाहीर होते. प्रवेश शुल्क भरायचे, पहिल्या दिवशी काट्यावर उभे राहायचे, शेवटच्या दिवशी पुन्हा उभे राहायचे आणि ज्याचे वजन सर्वाधिक उतरले त्याला रोख बक्षीस किंवा वर्षभराचे सदस्यत्व द्यायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. काटा मात्र फक्त किलो मोजतो. उतरलेले किलो चरबीचे आहेत, पाण्याचे आहेत की स्नायूंचे, हे त्याला सांगता येत नाही. चरबी उतरावी, स्नायू टिकावेत आणि गेलेले वजन पुढच्या दिवाळीपर्यंत परत येऊ नये, याच हेतूने पुढील सूचना दिल्या आहेत. बक्षिसाची शक्यता त्यामुळे कमी होत नाही, कारण बारा आठवडे न थकता टिकून राहणारा स्पर्धक बहुधा पहिल्या काही जणांत असतोच.

नाव नोंदवण्याआधी नियम वाचा

निकाल किलोवर लावणार की मूळ वजनाच्या टक्केवारीवर, हे सर्वप्रथम विचारून घ्यावे. ९२ किलोच्या स्पर्धकाने ६ किलो उतरवले तर ती घट साधारण ६.५ टक्के होते. ६४ किलोच्या स्पर्धकाने ४.५ किलो उतरवले तर ती ७ टक्के होते. किलोवर निकाल लावला तर पहिला जिंकतो, टक्केवारीवर लावला तर दुसरा. माझ्या मते टक्केवारीचा नियमच न्याय्य आहे, आणि त्यासोबत कंबरेचा घेर किंवा शरीरातील चरबीचे प्रमाणही मोजले जात असेल तर ती स्पर्धा विचारपूर्वक आखली आहे असे समजावे.

याशिवाय वजन कोणत्या काट्यावर, कोणत्या वेळी आणि कोणत्या कपड्यांत होणार, मध्ये दर आठवड्याला नोंद होणार का, स्त्रिया आणि पुरुष यांचे गट वेगळे आहेत का आणि आजारपणामुळे माघार घ्यावी लागल्यास शुल्क परत मिळते का, हेही लेखी मागून घ्यावे. सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शने अलीकडे डॉक्टर काही रुग्णांना वजनासाठी देतात. तुम्ही ती घेत असाल तर आयोजकांना आधीच सांगावे, म्हणजे निकालानंतर वाद होणार नाही. केवळ स्पर्धेसाठी म्हणून ती सुरू करण्याचा विचार मात्र मनातही आणू नये.

डॉक्टरांची भेट

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी, अठरा वर्षांखालील मुलांनी, पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झालेल्यांनी आणि ज्यांचे वजन मुळातच योग्य आहे त्यांनी या स्पर्धेत उतरू नये. भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) जास्त वजनाचा आणि २५ च्या पुढचा लठ्ठपणाचा मानला जातो. तुमचा आकडा २२ असेल तर जिममध्ये ताकद वाढवण्याचे ध्येय ठेवणे तुमच्यासाठी कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. खाणे कमी केले आणि औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही वजन उतरू लागल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून मात्रा केव्हा आणि किती बदलायची हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. बाकीच्यांनी हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. शाकाहारी मंडळींनी त्यात जीवनसत्त्व बी-१२ ची भर घालावी. छातीत दुखणे, चढण चढताना विचित्र धाप लागणे किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल, तर ईसीजी आणि डॉक्टरांची परवानगी याशिवाय ट्रेडमिलवर पाऊल ठेवू नये.

पहिले वजन

पहिल्या नोंदीच्या दिवशी दोन-तीन लिटर पाणी पिऊन आणि आदल्या रात्री खारट खाऊन काट्यावर चढण्याचा सल्ला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नये. थोड्या वेळात खूप पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घसरू शकते, आणि आपल्या नोंदवहीतला पहिलाच आकडा खोटा असल्यामुळे पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो.

घरी स्वतःचा काटा असणे सोयीचे असते. तो सपाट फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. त्याची परीक्षाही सोपी आहे: आधी एकटे उभे राहावे, मग पाच-पाच किलोच्या पिठाच्या दोन बंद पिशव्या हातात घेऊन उभे राहावे. फरक दहा किलोच्या अगदी जवळ आला पाहिजे. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काहीही खाण्यापिण्यापूर्वी आणि रोज सारख्याच हलक्या कपड्यांत करावे. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, त्यामुळे सात दिवसांची सरासरी काढावी आणि तुलना आठवड्याच्या सरासरीची आठवड्याच्या सरासरीशी करावी.

कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवा धरावा, पोट आत न ओढता सहज श्वास सोडावा आणि मग आकडा वाचावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेच्या पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जिममधील ज्या यंत्रावर अनवाणी उभे राहून दांडे धरले की चरबीची टक्केवारी छापून येते, ते यंत्र शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते. पाणी कमी-जास्त प्यायल्याने किंवा नुकताच व्यायाम केल्याने तो अंदाज बदलतो. त्यामुळे टेपचा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो.

किती उतरवायचे

दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट हे नवख्यासाठी योग्य लक्ष्य आहे. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे ४०० ते ८०० ग्रॅम होतात, म्हणजे बारा आठवड्यांत साधारण पाच ते नऊ किलो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला जवळपास ४५० ग्रॅम चरबी कमी होणे अपेक्षित असते. दीर्घकाळ आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर हुरळून जाऊ नये. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी होताच हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घट मंदावते ती यामुळेच, आणि नेमक्या याच टप्प्यावर नवखे स्पर्धक घाबरून जेवण आणखी तोडतात.

स्वयंपाकघर

स्पर्धेचा निकाल बहुतांशी येथे लागतो, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. सुरुवातीचे सात दिवस काहीही न बदलता, खाल्लेले सर्व लिहून काढावे: चहासोबतची दोन बिस्किटे, मुलांच्या ताटात उरलेली पोळी, ऑफिसमध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाचा समोसा, सगळे. घरात स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणावा आणि तांदूळ, डाळ, पीठ कच्चे असतानाच तोलावे, कारण शिजल्यावर पाण्याने वजन बदलते.

तेलाचा हिशेब मात्र वेगळा करावा, कारण ते ताटात दिसत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर तेल पोटात जाते आणि त्याच्या जवळपास ३४० कॅलरी होतात. हा आकडा बहुतेक घरांत कोणी काढलेलाच नसतो. डब्यातून थेट कढईत ओतण्याऐवजी सकाळीच दिवसभराचे तेल मोजून वाटीत काढून ठेवावे आणि त्यातच सगळ्या फोडण्या, भाज्या आणि पोळ्या भागवाव्यात. पाच लिटरचे साडेतीन लिटर झाले तरी माणशी रोज सुमारे शंभर कॅलरी वाचतात, आणि त्याचा लाभ घरातल्या सर्वांना होतो. शेंगदाण्याच्या कुटाबाबतही हेच लागू आहे. शेंगदाणा पौष्टिक आहे, पण दहा ग्रॅम कुटात ५५ हून अधिक कॅलरी असतात आणि कोशिंबीर, वांग्याची भाजी आणि चटणी अशा तीन ठिकाणी तो पडला की त्याचे प्रमाण लक्षात राहत नाही.

चहा सोडण्याची गरज नाही. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. चमचे दोनाचे एक केले आणि कप चारांचे तीन केले तरी साखर १५ ग्रॅमवर येते आणि सवयही मोडत नाही.

भात आणि पोळी पूर्ण बंद करण्याचा सल्ला जिममध्ये सर्रास दिला जातो. त्याने पहिल्या दहा दिवसांत पाणी झपाट्याने उतरते, परंतु तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांनुसार अर्धे ताट भाज्या आणि फळे यांनी भरलेले असावे. आपल्या नेहमीच्या जेवणात हे करण्याचा मार्ग असा: आधी काकडी, टोमॅटो, गाजर किंवा मुळा यांची दाण्याचा कूट न घातलेली वाटीभर कोशिंबीर खावी, पालेभाजी किंवा फळभाजी दुप्पट घ्यावी, आमटी-उसळ घट्ट आणि भरपूर असावी, आणि मग एक भाकरी किंवा दोन लहान फुलके किंवा एक वाटी भात यांपैकी एकच निवडावे. ज्वारी-बाजरीची भाकरी तेलाशिवाय होते आणि चावून खावी लागते, त्यामुळे ती या काळात फारच उपयोगी पडते.

प्रथिनांकडे मात्र जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. निरोगी प्रौढासाठी रोज प्रति किलो ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. खाणे कमी करून वजनांचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ग्रॅमच्या पुढे राहणे चांगले, म्हणजे स्नायू टिकतात आणि भूकही आटोक्यात राहते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ७० किलोच्या शाकाहारी व्यक्तीला ८४ ग्रॅम हे प्रमाण अवघड वाटते, पण हिशेब मांडला की जमते: सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी १४ ग्रॅम, दोन्ही वेळची, प्रत्येकी ३० ग्रॅम कच्च्या डाळीची किंवा कडधान्याची आमटी-उसळ मिळून १४, दिवसभरातील भाकरी-फुलके १२, दीडशे ग्रॅम दही ५, एक पेला दूध ६, पन्नास ग्रॅम पनीर ९, तीस ग्रॅम सोया वड्या १५ आणि वीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे ५. एवढ्यात ८० ग्रॅम होतात आणि उरलेले चार भाज्यांतून भागतात. अंडी, कोंबडी, बांगडा किंवा सुरमई खाणाऱ्यांचे काम यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. मासा तळण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात भाजावा किंवा कालवणात नारळाचे प्रमाण कमी ठेवावे, एवढेच.

जानेवारीत सुरू होणाऱ्या स्पर्धेत संक्रांत आणि महाशिवरात्र बहुधा येतात. संक्रांतीचा तिळगूळ नाकारू नये. एक वडी घ्यावी आणि गुळपोळीच्या दिवशी त्या जेवणात भात घेऊ नये. उपवासाला अधिक जपावे लागते. ७० ग्रॅम साबुदाणा, १५ ग्रॅम तूप आणि २० ग्रॅम कूट घातलेली एक ताटली खिचडी जवळपास पाचशे कॅलरींची होते आणि साबुदाण्यात प्रथिने नावालाही नसतात. वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी, दही, राजगिरा, उकडलेले रताळे आणि फळे असा उपवास केला तर व्रतही होते आणि आठवडाही बिघडत नाही.

व्यायाम

नवख्याने तासन्‌तास ट्रेडमिलवर घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम करावा. स्क्वॉट किंवा बैठका, छातीसाठी प्रेस किंवा जोर, पाठीसाठी रोइंग आणि पुलडाउन, खांद्यांसाठी डंबेल प्रेस आणि पोटासाठी प्लँक एवढे पुरे आहे. प्रत्येकाचे दोन ते तीन सेट (मध्ये विश्रांती घेऊन केलेल्या फेऱ्या) आणि सेटमध्ये आठ ते बारा आवृत्त्या असाव्यात. शेवटच्या दोन आवृत्त्या कष्टाने पण योग्य ढबीत व्हाव्यात, इतकेच वजन घ्यावे. पहिले दोन आठवडे ट्रेनरसमोरच करावेत आणि कंबर वाकते का, गुडघा आत वळतो का, हे त्याला निःसंकोच विचारावे. बाकीच्या दिवशी चालावे. सध्या रोज चार हजार पावले होत असतील तर एकदम दहा हजारांवर न जाता दर आठवड्याला हजाराने वाढवावीत.

व्यायाम सुरू केल्यावर अंग दुखते, त्या काळात स्नायूंत पाणी साठते आणि काटा वर सरकू शकतो. ही चरबी नव्हे.

झोपेचा संबंध येथेच येतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात त्याच माणसांना तोच कमी कॅलरींचा आहार देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, पण कमी झोपेत त्यातील चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. पहाटे साडेपाचच्या बॅचला जाणाऱ्याने रात्री साडेदहाला दिवा मालवलाच पाहिजे.

काटा अडतो तेव्हा

दोन आठवडे सरासरी हलली नाही, तर आधी नोंदवही तपासावी. मोजमाप सैल झालेले असते, रविवारचे बाहेरचे जेवण लिहायचे राहिलेले असते किंवा तेलाची वाटी पुन्हा डब्याकडे गेलेली असते. स्त्रियांनी पाळीपूर्वीच्या आठवड्यातील वजनाची तुलना मागील महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी, कारण त्या दिवसांत पाणी साठल्याने एक-दोन किलोंचा फरक सहज दिसतो. कंबर कमी होत असेल तर काहीही बदलू नये. कंबरही अडली असेल तर रोजच्या आहारातून शे-दीडशे कॅलरी कमी कराव्यात किंवा दोन हजार पावले वाढवावीत. दोन्ही एकदम करू नये.

याच सुमारास कोणीतरी फॅट बर्नरची बाटली पुढे करतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी परवाना क्रमांक नसलेले काहीही घेऊ नये, आणि तो क्रमांक आहे म्हणून चरबी जळेल असेही समजू नये. डीएनपी या रसायनाच्या गोळ्या तर प्राणघातक आहेत. शरीराचे तापमान वाढून त्यांनी माणसे दगावलेली आहेत.

शेवटचा आठवडा

शेवटच्या पाच-सहा दिवसांत पाणी तोडणे, प्लॅस्टिकचा सूट घालून धावणे, वाफेच्या खोलीत बसणे, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणे असे प्रकार चालतात. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच रीतीने वजन तोडताना मरण पावले, आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि सौना यांवर बंदी आली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम सामन्याच्या सकाळी केवळ १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली; प्रशिक्षक आणि डॉक्टरांचे पथक सोबत असतानाही रात्रभराच्या प्रयत्नांनी ती निर्जलित झाली होती. त्या खेळाडूंसमोर वजनगटाची सक्ती असते. जिमच्या स्पर्धेत तशी कोणतीही सक्ती नाही, म्हणून ही जोखीम उचलण्यास काहीच कारण नाही.

करायचेच असेल तर एवढे करावे: शेवटचे तीन दिवस लोणचे, पापड, फरसाण आणि बाहेरचे खारट पदार्थ टाळावेत, पाणी नेहमीइतके प्यावे, आदल्या दिवशी रात्रीचे जेवण आठपूर्वी उरकावे, पायांचा जड व्यायाम दोन दिवस आधीच संपवावा आणि सकाळी शौचाला जाऊन पहिल्या नोंदीच्या वेळचेच कपडे घालून काट्यावर उभे राहावे. आयोजक जर वाफेच्या खोलीला उत्तेजन देत असतील, तर त्या स्पर्धेतून बाहेर पडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निकालानंतरचे चार आठवडे

वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरायला हवी त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होते. त्यांची घट अतिशय वेगवान आणि प्रचंड होती. तरीही नवख्याने यावरून स्पर्धेनंतरचा महिना स्पर्धेइतकाच नेटाने आखावा.

निकालाच्या संध्याकाळी मित्रांसोबत आवडीचे जेवण अवश्य घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून दर आठवड्याला रोजच्या आहारात दीडशे-दोनशे कॅलरी वाढवाव्यात: आधी एक भाकरी, मग मूठभर भात, मग एखादे फळ आणि दूध. ग्लायकोजेन आणि पाणी परतल्याने एक-दीड किलो वाढेल, ते वाढू द्यावे. वजनांचे तीन दिवस तसेच ठेवावेत आणि जिमचे पुढील तीन महिन्यांचे शुल्क शक्यतो निकालापूर्वीच भरून टाकावे. स्पर्धेत रोज होणारे वजन आता आठवड्यातून दोनदा केले तरी चालेल, पण नोंदवही बंद करू नये. चार आठवड्यांनंतर स्थिरावलेल्या सरासरीचा आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि पुढे कधीही आठवड्याची सरासरी त्याच्या दोन किलो वर गेली की त्याच आठवड्यात तेलाची वाटी आणि स्वयंपाकघरातला काटा पुन्हा ओट्यावर घ्यावा.